हौसा गाईच्या मर्जीची मोहीम

श्री गोदावरी माय सर्वांस सुखी राखो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नावच गंधर्वाचे, तेव्हा त्या साली मौजे पुणतांबे, तालुके राहाते, जिल्हे अहिल्यानगर ऊर्फ पूर्वीचे नगर, येथे गाण्यांपायी आकांत माजावा, हे विधिलिखितच म्हणावे. त्या आकांतात कोणी कैसा पराक्रम केला, कोणी ऐन समयी कच खाल्ली, आणि कोणाची म्हैस विनाकारण पान्हावली, हा सर्व मजकूर पुढील पिढ्यांस यथास्थित कळावा, आणि मागाहून ज्याने त्याने पारावर बसोन आपलीच शेखी मिरवू नये, म्हणोन ही हकिकत लिहिली असे. लिहिणार कोणाचा मिंधा नाही. दूध आम्ही पिशवीचे घेतो.

तरी प्रारंभ ऐसा. पुणतांब्यास राजश्री कानिफनाथराव नामे शेतकरी नांदत होते. गोदेच्या काठी पेरूची बाग, बागेच्या कडेस गोठा, आणि गोठ्यात हौसा नामे एकच गाय, परंतु तोरा असा की दावणीस दहा असत्या तरी पुरला असता. कानिफनाथराव अंगाने भक्कम, मिशीने जरबेचे, आणि चावडीवर बोलू लागले म्हणजे समोरच्याची बोलती बंद. घरात मात्र बोलण्याचा अवघा कारभार त्यांचे कुटुंब सौभाग्यवती रतनबाईसाहेब यांजकडे होता आणि गोठ्याची मुखत्यारीही त्यांजकडेच होती. बाईसाहेब पहाटे धारेस बसत आणि सांजेस धारेस बसत, आणि आढ्यास खिळ्याला टांगलेला रेडिओ डोईवर गात असे, आणि कानिफनाथराव दारात उभे राहोन कधी पेंड, कधी चरवी हाती देत. हौसाने बाईसाहेबांखेरीज परक्या हातास कधी सड लावू दिला नव्हता.

ऐसे चालले असता सुप्याहून खबर आली की कन्या रुपाली बाळंत जाहली. जावई तेथील कारखान्यात पाळीवर जाणार, घरात दुसरे माणूस नाही, आणि बाळंतिणीस अशक्तपणा फार म्हणोन डॉक्टरांनी प्रवास मना केला. सबब लेकीने माहेरी यावे ही रीत उलटी होऊन माहेरानेच लेकीकडे कूच करावे ऐसे ठरले. मग बाईसाहेबांनी डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी बांधोन घेतली, आणि दुपारी करमणूक असावी म्हणोन आढ्याचा रेडिओही पिशवीत घातला. येष्टीच्या पायरीवर एक पाय ठेवोन त्यांनी मागे पाहिले आणि पुसिले की गाय तुमच्याच्याने निभेल काय. स्थानकावर गावची चार माणसे उभी होती. त्यांच्या देखत कानिफनाथरावांनी मिशीवर हात फिरविला आणि मोठ्या आवाजात जबाब दिला.

"तू बिनघोर जा. तुझ्यावाचून हितं काय बी अडत न्हाई."

बाईसाहेबांनी दुसरा पायही पायरीवर घेतला. येष्टी गेली. पुढे जो काही अनर्थ ओढवला त्याचे मूळ या एका वाक्यात आहे, हे वाचणाराने ध्यानी ठेवावे.

त्याच सांजेस कानिफनाथराव चरवी घेऊन बसले आणि हौसाने पान्हा चोरला. मान वळवोन एकवार पाहिले, ओळख दाखविली नाही, आणि जैसे दरबारात अर्जदारास तिष्ठत ठेवावे तैसे त्यांस तिष्ठत ठेविले. या मोहिमेच्या सरदारांनी कास धुतली, सड चोळिले, गोंजारले, पेंड दाखविली, तो तिने पेंड खाल्ली आणि दूध दिले नाही. दुसरे दिवशी तोच प्रकार. कालवड केव्हाच दूध तुटोन चाऱ्यास लागलेली, तिचाही उपयोग नाही. कास दगडासारखी भरोन आली आणि गाय पाय झाडू लागली. मग गुरांचे डॉक्टर अंगदराव यांस पाचारण जाहले. त्यांनी मागल्या बाजूचा एक सड दाबोन पाहिला आणि साफ बजाविले की गाय मनातून बिथरली आहे, दूध ऐसेच तुंबोन राहिले तर कासदाह होईल आणि हा सड कायमचा जाईल.

येथे कानिफनाथरावांचे धाकटे बंधू राजश्री वाल्मिकराव, टेम्पोवाले, यांनी मसलत दिली की बाजारात पान्ह्याचे इंजेक्शन मिळते, ते टोचावे आणि मोकळे व्हावे. त्यावर कानिफनाथरावांनी हुकूम केला की ते विष आपल्या दावणीस लागणार नाही. डॉक्टरांनी त्या हुकमास मान डोलाविली आणि सांगितले की गाईस तिच्या सवयीचे वातावरण द्या, तोच वास, तोच आवाज. आणि जाताना हेही सांगितले की सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाईंना बोलावोन घेणे.

हे ऐकोन कानिफनाथरावांचे तोंड उतरले. बाईसाहेबांस खबर लागली असती तर त्या मिळेल त्या येष्टीने परत येत्या, आणि तिकडे अशक्त लेक आणि चार दिवसांचे नातवंड उघड्यावर पडते. लेकीस एवढे एकच माणूस हक्काचे, आणि तेही आपल्या नालायकीपायी आपण ओढोन आणावे, हे त्या बापास सोसवेना. इभ्रतीचा प्रश्न होताच, तो नव्हता ऐसे आम्ही म्हणणार नाही, परंतु लेकीचा प्रश्न त्याहून थोर होता. मग त्यांनी सर्वांस शपथ घातली की सुप्यास या प्रकाराचा वाराही जाऊ नये.

पहिली चढाई वासाची जाहली. या प्रांती जुना रिवाज ऐसा की धार काढणारी बाई घरी नसली म्हणजे पुरुषाने तिचे लुगडे अंगावर घ्यावे, म्हणजे जनावर फसते. त्याप्रमाणे कानिफनाथराव बाईसाहेबांचे ठेवणीतले इरकल नेसोन, डोईवर पदर घेऊन, मिशी पदरात लपवोन गोठ्यात दाखल जाहले. हौसाने पदर हुंगला आणि चाटला आणि मग सावकाश खाऊ लागली. सरदार मागे ओढीत आणि गाय पुढे ओढी, ऐसी झटापट होऊन पदराचा वीतभर तुकडा गाईच्या पोटात गेला. कुंपणापलीकडे शेजारच्या पंकजाबाई म्हशीचे शेण काढीत होत्या, त्यांनी हे युद्ध आरंभापासोन अखेरपर्यंत पाहिले आणि मध्ये पडल्या नाहीत.

वासाची मसलत अशी फसली, तेव्हा राहिला आवाज. कानिफनाथरावांच्या मातोश्री चांगुणाबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी निवाडा दिला की गाईस रेडिओची गाणी हवी आहेत, रेडिओ गेला आणि पान्हा गेला, यात न समजण्याजोगे काय आहे. हा निवाडा सर्वांस पटला. पुढे तो साफ चुकीचा ठरला, परंतु त्या समयी त्याहून शहाणे कोणी बोलले नव्हते. आता नवा रेडिओ राहात्याहून आणावा तोवर धारेची वेळ जाणार. मग वाल्मिकराव छाती पुढे काढोन म्हणाले की मोबाईल असता रेडिओ कशास, आणि त्यांनी बंधूंच्या फोनात गाण्यांचे ॲप उतरवोन दिले, आणि आपल्या टेम्पोवरची गाण्यांची थोरली पेटी, जिच्या दणक्याने कोपरगावच्या वरातीत मांडवाचे बांबू हलले होते, ती बिनतारेने त्या फोनास जोडिली. फोन आढ्याच्या त्याच खिळ्यास टांगला. ॲप उघडले, आणि उघडताच त्याने अदबीने पुसिले की आत्ता तुमचा मूड कसा आहे.

मूड म्हणजे मिजास, म्हणजे मर्जी. खाली रंगीत चौकोन मांडिले होते, आनंदी, उदास, शांत, प्रेम, भक्ती, जोश, निवांत. ज्या चौकोनावर बोट ठेवावे त्या मर्जीची गाणी सुरू व्हावी, गाणी शोधण्याची यातायात नाही, ऐसी ती युक्ती. दुसऱ्या कोणत्या घरी हा सवाल आला असता तर मालकाने आपली मर्जी दाबली असती आणि कामास लागला असता. परंतु कानिफनाथराव सरळ मनुष्य. गाणी गाईसाठी, तर सवाल गाईस आहे, ऐसा त्यांनी अर्थ केला. आणि गाईची मर्जी खोटी सांगणे बरे नव्हे, म्हणोन गोठ्यातच खलबत भरले.

चांगुणाबाईंचे मत पडले की गाय उदास आहे. वाल्मिकरावांचे मत पडले की गाय माजली आहे, परंतु माजल्याचा चौकोन ॲपात नाही. कानिफनाथराव गाईच्या डोळ्यांत फार वेळ पाहत राहिले आणि म्हणाले की हिच्या मनात काय आहे ते आपल्यास सांगता येत नाही. मग मातोश्रींचा मान राखोन उदास दाबले. पेटीतून विरहाची गाणी वाहू लागली, एकाहून एक दुःखी. दुसऱ्या गाण्यास चांगुणाबाईंस त्यांचे कैलासवासी यजमान आठवले आणि त्यांनी डोळ्यांस पदर लाविला. पुढल्या गाण्यास वाल्मिकराव, ज्यांस विरह ठाऊक असण्याचे काही कारण नाही, तेही टेम्पोच्या टपास टेकोन हुंदके देऊ लागले. कानिफनाथरावांच्या डोळ्यांचे पाणी मिशीपर्यंत आले. गाय रवंथ करीत राहिली. गोठ्यात तिच्याखेरीज सर्वांच्या धारा निघाल्या आणि मोर्चा उठवावा लागला.

दुसरे सकाळी आनंदी दाबले. ढोलकी कडाडली, आणि हौसाचा एक कान हलला, आणि कास किंचित सैल पडतेसे वाटले, आणि सरदारांनी सडास हात घातला, इतक्यात गाणे तोडोन जाहिरात घुसली. या ॲपाच्या मुलुखात जाहिरात नामे पेंढारी फिरतात, ते कोणत्या वाटेने येतील आणि केव्हा लुटतील याचा नेम नाही, आणि चौथाई भरली तरच पाठ सोडितात. ती जाहिरात छपराच्या पत्र्यांची होती आणि बाई किंचाळून पत्र्यांची मजबुती सांगत होती. हौसाने लाथ झाडली. चरवी पेरूच्या झाडास जाऊन लागली आणि कानिफनाथराव शेणात बसले. तरीही ते बोलिले की जाहिरात चांगली होती, पत्रे आपल्यास घ्यायचेच आहेत. ऐसा धीराचा सरदार आम्ही दुसरा पाहिला नाही.

मग भक्ती दाबले. टाळ वाजू लागले तैसी हौसा पुढले गुडघे टेकोन सावकाश खाली बसली, आणि चांगुणाबाईंनी गाईस हात जोडिले की जनावरास सुद्धा कळते. परंतु बसलेल्या गाईची धार निघत नाही. भजन संपेपर्यंत ती उठली नाही, आणि भजन संपेना.

येथे वाल्मिकरावांनी सर्वांची चूक काढिली. त्यांचे म्हणणे ऐसे पडले की मर्जी ही चंचल वस्तू आहे, आणि फोन उघडा, ॲप शोधा, चौकोन सरकवा, यात वेळ जातो आणि तोवर गाईची मर्जी पालटते, सबब जलद वाट काढिली पाहिजे. मग जलद वाटांचा शोध सुरू जाहला. एक वाट ऐसी की ॲपाच्या चित्रावर अंगठा दाबोन धरावा, म्हणजे दिंडी दरवाजा उघडतो आणि आत मर्ज्यांची छोटी यादी दिसते. परंतु कानिफनाथरावांच्या अंगठ्यास उसाच्या पात्यांनी आणि खुरप्याने ऐसे घट्टे पडले होते की काच त्यांस ओळख देईना. जमिनीच्या कागदांवर उमटणारा हाच अंगठा, पण काचेपुढे पाड लागला नाही. दुसरी वाट ऐसी की तोंडाने फर्मान सोडावे. कानिफनाथराव फोनापुढे टोपी नीट करोन उभे राहिले आणि रामराम घालोन, आपले नाव गाव सांगोन, गाय कधीपासोन अडली आहे, सड कोणत्या बाजूचा, डॉक्टर काय म्हणाले, ही सर्व हकिकत निवेदन करोन योग्य ते गाणे लावावे ऐसी विनंती केली. फोन सर्व ऐकोन म्हणाला की माफ करा, मला समजले नाही. सरदार म्हणाले की गावच्या विकास सोसायटीत इतक्या अदबीने माफी मागणारा एकही मनुष्य नाही. तिसरी वाट वाल्मिकरावांनी केली. फोनाच्या दर्शनी पटावरच मर्ज्यांचे चौकोन बाहेर आणोन ठेविले, ज्यांस ठाणे म्हणावे, म्हणजे ॲप न उघडता बोट टेकिले की गाणे. हे ठाणे कानिफनाथरावांस बोटाच्या कांड्याने दाबता आले आणि गोठ्यात प्रथमच जयघोष जाहला.

त्या ठाण्यावरोन पहिला वार प्रेम या चौकोनाचा गेला. थोरल्या पेटीतून सकाळच्या प्रहरी प्रेमाची गाणी अशी घुमली की गोदेपल्याड ऐकू जावी. हौसाने कान पाडिले आणि दूध दिले नाही. परंतु कुंपणापलीकडे पंकजाबाईंची म्हैस, जी धारेस अजून बांधलीही नव्हती, तिने डोळे मिटले आणि उभ्या उभ्या चिखलात पान्हा सोडिला. पंकजाबाई चरवी आणावयास धावल्या तो अर्धे दूध मातीस मिळाले होते. त्यांनी कुंपणाशी येऊन कानिफनाथरावांकडे एकवार पाहिले. इरकल त्यांनी पचविले होते, परंतु दूध पचविले नाही. घरात जाऊन त्यांनी सुप्यास फोन लाविला.

इकडे दुपारी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तोच मागला सड पाहिला, तो ऊन लागला, आणि म्हणाले की आजच्या सांजेस धार निघाली तर निघाली, उद्याचा भरवसा देता येत नाही. ते गेल्यावर कानिफनाथराव गाईच्या मानेवर हात ठेवोन उभे राहिले. मुके जनावर आपल्यापायी भोगते आहे या विचाराने त्यांचा जीव कासावीस जाहला, आणि मनाशी ठरले की आज न साधले तर उद्या सुप्यास फोन करावा आणि हरलो म्हणोन सांगावे.

सांजेस अखेरची लढाई उभी राहिली. टेम्पो गोठ्याच्या तोंडाशी, पेटीवर वाल्मिकराव. खिळ्यावरच्या फोनाशी चांगुणाबाई, कारण त्यांचे बोट मऊ. गाईच्या पोटाशी खासे कानिफनाथराव, चरवी गुडघ्यांत धरोन. निवांत नामक मर्जी लाविली, बासरी वाजू लागली, आणि हौसाने पायाची झाड थांबविली एवढेच. इतक्यात बासरी तुटली. सर्वांस वाटले की पेंढारी आले. परंतु फोनावर रतनबाईसाहेबांची तसबीर झळकत होती. कानिफनाथरावांनी हुकूम सोडिला की कापा, लाल दाबा. चांगुणाबाईंनी घाबरोन हिरवे दाबले. पेटी जोडलेलीच होती, आणि जिच्या दणक्याने मांडवाचे बांबू हलले होते तिच्यातून बाईसाहेबांचा आवाज अवघ्या गोठ्यावर कोसळला.

"अवो, मी काय आयकते? गोठ्यात प्रेमाची गानी लावताय व्हय?"

बाईसाहेब थांबल्या नाहीत. पंकजाबाईंची म्हैस काय म्हणाली, गाव काय म्हणेल, आपण चार दिवस घराबाहेर पडलो तोच हे रंग उधळावे काय, हे सर्व पुसोन त्या नेहमीच्या वाटेवर आल्या, की पेंड रात्री भिजविली का, गव्हाण झाडली का, दावे आखूड तर बांधले नाही, पाणी कोमट दिले का, आणि कासेस हात लावण्यापूर्वी हात धुतले का. आणि त्या बोलण्याच्या ओघात एक चमत्कार जाहला. हौसाचे दोन्ही कान पेटीकडे वळले, मान खाली आली, डोळे अर्धे मिटले, आणि कानिफनाथरावांच्या हातात सड भरोन आला, आणि चरवीच्या बुडावर धार वाजली.

मग सर्वांस उमगले. इतकी वर्षे रेडिओ गात होता खरा, परंतु बाईसाहेब धारेस बसोन यजमानांची खरडपट्टी काढीत, आणि गाय ऐकत होती ती हेच. रेडिओकडे गाईचे ध्यानच नव्हते.

परंतु पेचप्रसंग पुढेच होता. बाईसाहेब जबाबासाठी थांबल्या, आणि आवाज थांबताच धार बारीक जाहली. पुन्हा बोलल्या, पुन्हा धार. कानिफनाथरावांनी ओळखले की बोलणी खाणे चालू राहिले तरच गाय देणार, आणि आपण निर्दोष ठरलो तर सर्वस्व बुडाले. मग त्या वीराने जे केले ते करावयास वाघाचे काळीज लागते. ते आपणहून एकेक अपराध कबूल करू लागले. आरंभी कबूल केले की नव्या झाऱ्याची मूठ चुलीवर जळाली. त्याबद्दल पेटी कडाडली आणि एक सड मोकळा जाहला. मग कबूल केले की तुळशीस तीन दिवस पाणी घातले नाही, त्याबद्दल मिळावयाचे ते मिळाले. मग छाती दगडाची करोन सांगितले की तुझे इरकल गाईने चावले, आणि ते चावले तेव्हा ते आपण नेसलो होतो. येथे पेटीतून क्षणभर काहीच आले नाही आणि धार थेंबावर आली. मग जे आले ते लिहिण्याची आमची शामत नाही, परंतु चरवी निम्म्यावर चढली. शेवटी त्यांनी दारूगोळ्यातला थोरला गोळा काढिला, की लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला. वाल्मिकरावांनी टेम्पोचे दार गच्च धरिले. चांगुणाबाई गव्हाणीआड वाकल्या. बाईसाहेबांनी त्या बरणीचा इतिहास कैऱ्या उतरविल्यापासोन सांगितला, आणि दूध चरवीच्या काठाकडे आले.

आता राहिला तो एकच सड, मागला, दुखरा. आणि अपराध संपले. एक शिल्लक होता, की गाय अडली होती, परंतु तो सांगावा तर बाईसाहेब उद्याच पिशवी भरतील, आणि ज्यासाठी हा खटाटोप तेच बुडेल. आणि नेमके तेच त्यांनी पुसिले.

"आनि हौसा? पान्हावती का नीट?"

चरवी फोनाच्या रोखाने तिरपी धरोन कानिफनाथरावांनी मोकळ्या सडाची उरलीसुरली धार जोराने सोडिली. ती बाईसाहेबांस सुप्यास ऐकू गेली. त्यांचा आवाज निवला, मंग बरं म्हणाल्या, आणि बाळ रडते आहे, ठेवते म्हणाल्या. आवाज निवला तैसी गाय आखडली. मागला सड हातात तसाच ताठ, तसाच ऊन. अजून एक क्षण आणि फोन बंद होता. सरदारांपाशी सांगण्याजोगे खोटे उरले नव्हते आणि अपराधही उरला नव्हता.

"रतन, थांब. तुझ्यावाचून लई अडतंय. गोठ्याचं न्हाई. माझं."

वाल्मिकराव टेम्पोच्या पलीकडे तोंड करोन उभे राहिले. सुप्यास तान्हे रडत होते तेवढे ऐकू येत होते. मग बाईसाहेबांनी श्वास घेतला.

"मंग हे येष्टीत चढायच्या आधी सांगाया तोंड न्हवतं? चार मान्सांत मिशीवर हात फिरवून काय म्हनला हुता तुमी?"

आणि तेथोन जे सुरू जाहले ते लग्नाच्या पंगतीपासोन येष्टीच्या पायरीपर्यंत, काही न वगळता. मध्ये आवाज एकदोनदा ओला जाहला, परंतु थांबला नाही. कानिफनाथराव मान खाली घालोन ऐकत होते आणि त्यांच्या अंगठ्यास प्रथम थेंब, मग बारीक सर, मग पुरी धार लागली, आणि दुखरा सड हातात सावकाश मऊ पडला. गाईने जो लांब श्वास सोडला तो पेटीच्या आवाजातही सर्वांनी ऐकिला. शेवटास बाईसाहेबांनी फर्मान काढिले की सव्वा महिना पुरा जाहल्याखेरीज आपण येणार नाही, आणि जेवण वेळेवर करावे, आणि ओला चमचा पुन्हा दिसला तर बघून घेऊ. फोन बंद जाहला. चरवी काठोकाठ भरली होती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गाईचा सड वाचला, बाळंतिणीची आई बाळंतिणीपाशी राहिली, आणि पंकजाबाईंस त्यांच्या मातीस मिळालेल्या दुधाचा मोबदला म्हणोन दुधाने शिगोशीग भरलेला तांब्या पोहोचता करोन तह करण्यात आला. बांधाच्या भांडणात उपयोगी पडावे म्हणोन कानिफनाथरावांच्या फोनास सर्व बोलणे आपोआप टिपण्याची सवय वाल्मिकरावांनी पूर्वीच लाविली होती, ती येथे कामी आली. ते अवघे बोलणे ॲपात चढविले आणि दर्शनी पटावर त्याचे स्वतंत्र ठाणे बसविले, की कांड्याने टेकिले म्हणजे चालू, मध्ये पेंढारी नाही, चौथाई नाही. ॲपाने पुसिले की या मर्जीस नाव काय द्यावे. वाल्मिकराव म्हणाले राग. चांगुणाबाई म्हणाल्या सूनबाई. कानिफनाथरावांनी फोन हाती घेतला आणि घट्ट्यांच्या बोटाने फार वेळ लावोन दोन अक्षरे लिहिली, घर.

तेव्हापासोन पुणतांब्यास दोन्ही वेळेस त्या मर्जीवर धार निघते, आणि हौसाने मागे पाहिले नाही. एवढे लिहोन लेखणी ठेवावी, परंतु खरे ते सर्व लिहिण्याचा पण केला आहे. दुसरे दिवशी सांजेस जेवणाच्या वेळी आम्ही त्या दारावरोन गेलो. कानिफनाथराव ओटीवर एकटे जेवावयास बसले होते, ताटाशेजारी फोनावर घर ही मर्जी चालू होती, आणि तीतून बाईसाहेब पुसत होत्या की पेंड भिजविली का. सरदारांनी घास हातात धरोन उत्तर दिले, "व्हय, भिजवली." त्या समयी गाय धार देऊन केव्हाच मोकळी जाहली होती, हेही येथे नमूद केले असे.